पाठीचे मार्क

प्रिय खारूताई,

फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. कागद मध्येच कट करता येत नाही, हा त्याचा एक फायदा. फाडता येतो, पण तू फाडणार नाहीस, कारण लहानपणापासून तुला साधा चिटोराही टाकवत नाही. औषधांची रिकामी खोकी, पेनांची टोपणं, सगळं गोळा करून उशीखाली ठेवायचीस, म्हणून तर हे नाव पडलं. आता तू मुख्य कार्यालयातल्या गुणवत्ता कक्षाची प्रमुख, सगळ्या रुग्णालयांतल्या नर्सिंगला मार्क देणारी. लोक तुला मॅडम म्हणतात. त्यांना खारूताई कळू नये म्हणून पाकिटावर तुझं पूर्ण नाव घातलंय, काळजी नको.

तुझे बाबा बरे आहेत. गेल्या दोन महिन्यांत त्यांनी घरातल्या एकूण एक बिजागरीला तेल घातलंय. तू त्या रविवारी ताटावरून उठून गेलीस तेव्हापासून त्यांना कसलीच करकर सहन होत नाही. मला म्हणतात, 'तूच फोन कर, तू मोठी आहेस.' केला, सहा वेळा केला. मग म्हणतात, 'तिच्यामागे कामं असतील गं.' दोन्हीकडून बोलायची ही त्यांची जुनी खोड. मी मात्र एकाच बाजूने बोलणार आहे, तेव्हा जरा निवांत बसून वाच.

मी वॉर्डात नाही, हे तुझ्या कानावर आलंच असेल. एकतीस वर्षं नोकरी, त्यातली बारा बायकांच्या हाडांच्या वॉर्डाची इनचार्ज सिस्टर म्हणून, आणि आता सकाळी आठ ते चार मी चादरी, उशांचे अभ्रे आणि ऑपरेशनचे हिरवे गाऊन मोजते. कपडेखाना तळमजल्यावर, धुलाई यंत्रांना लागून. भिंत दिवसभर थरथरत असते, तिला टेकून बसलं की पाठीला बरं वाटतं, एवढंच काय ते सुख. इथल्या मुकादम बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, 'सिस्टर, असं केलंत तरी काय?' मी म्हटलं, 'मला शंभरात चौऱ्याण्णव मिळाले.'

त्या चौऱ्याण्णवांची गोष्ट तुला माहीत आहे, पण कागदावरून. मी वॉर्डातून सांगते. मूल्यमापनाला तुझ्या कक्षातले दोघं आले होते. माझा वॉर्ड म्हणून तू स्वतः आली नाहीस, ते बरोबरच केलंस. एक निळ्या फायलीवाला गृहस्थ आणि एक चष्म्यातली मुलगी, नवीनच लागलेली. गृहस्थाने माझी खुर्ची पटकावली ती शेवटपर्यंत सोडली नाही. मुलगी मात्र एकेका बेडपाशी गेली, चादर वर करून पाहिलं, काहीबाही लिहून घेतलं. अडतीस प्रश्न होते. सिस्टर ओळखपत्र लावते का, हसून बोलते का, बेल वाजल्यावर किती मिनिटांत येते, रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलल्याची नोंद आहे का. आता हा शेवटचा प्रश्न पुन्हा वाच. कूस बदलली का, असं विचारलेलं नाही. नोंद आहे का, असं विचारलंय. नोंद होती. आमच्या पोरी नोंदीला एकदम पक्क्या. दुपारची पाळी संपायला दहा मिनिटं राहिली की टेबलाशी ओळीने बसायचं आणि दोन, चार, सहा, आठ असे सगळे रकाने एका दमात भरायचे. डावी कूस, पाठ, उजवी कूस, पाठ. एकच पेन, एकच तिरपं अक्षर. त्यांना हे शिकवलं कोणी? मीच. मला माझ्या इनचार्जने शिकवलं होतं. दुपारी दोन पोरी आणि अठ्ठावीस बेड. त्यातल्या सोळा जणी स्वतःहून हलू शकत नाहीत, एकीला वळवायला दोघी लागतात, आणि मधल्या वेळात इंजेक्शनं, सलाईन, बेडपॅन, ऑपरेशनहून परत येणाऱ्या बायका, शिवाय नातेवाइकांचे प्रश्न. तुझं गणित चांगलं आहे, तूच मांडून बघ.

अकरा नंबरला एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. साठीच्या, एकट्या राहणाऱ्या, खुब्याचं हाड मोडून आलेल्या. ऑपरेशन झकास झालं, सर्जन खूश. पाचव्या दिवशी सकाळी अंग पुसताना मी त्यांना कुशीवर वळवलं तर माकडहाडावर वाटीएवढा डाग, लालभडक, मधोमध कातडी गेलेली. बेडसोअर. माणूस एकाच जागी पडून राहिला की होते ती जखम. हाडापर्यंत जायला तिला फार दिवस लागत नाहीत आणि भरायला महिने लागतात. मी चार्ट काढला. चार्टावर त्या बाई दर दोन तासांना डावीकडे, उजवीकडे अशा नुसत्या लोळत होत्या. आदल्या दिवशी चार वाजता तर आमच्या दोघी पोरी दाराजवळच्या बेडवरच्या आजींचा श्वास अडकला म्हणून तिथेच तासभर होत्या, मी स्वतः त्यांच्यासोबत होते. आणि अकरा नंबरच्या चार्टावर चार वाजता लिहिलेलं, उजवी कूस. बाई म्हणाल्या, 'सिस्टर, कापड एकाच घडीवर फार दिवस ठेवलं की नेमकं तिथेच विरतं. माझं तसंच झालंय, होय ना?' तक्रारीचा सूर नव्हता. गिऱ्हाइकाला कपड्यातला दोष दाखवावा तसं सांगितलं.

त्याच आठवड्यात ते मूल्यमापन झालं, आणि त्याच्यासोबत रुग्णांचं मत घेणारे कागद आले होते, पाच चेहऱ्यांचे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. बाईंनी सगळीकडे हसऱ्या चेहऱ्यावर खूण केली. मला राहवलं नाही. मी विचारलं, 'अहो, एवढी पाठ फाटलीय तुमची, आणि हे काय?' तर म्हणाल्या, 'ती पिटुकली पेन घेऊन समोर उभी होती. रोज माझी वेणी घालते ती. तिला कशाला नाराज करू? पोरी गोड आहेत, ते पोरींचे मार्क दिले मी. पाठीचे मार्क कुठे द्यायचे ते त्या कागदावर नव्हतं.' खारूताई, एकतीस वर्षांत मी डझनभर शिबिरांना बसले असेन, गुणवत्ता म्हणजे काय यावर. कुणीही मला हे इतक्या कमी शब्दांत सांगितलेलं नाही.

पुढे तीन आठवड्यांनी निकाल लागला. चौऱ्याण्णव. सगळ्या रुग्णालयांत पहिला नंबर. पितळेची पाटी तयार झाली, 'उत्कृष्ट परिचर्या कक्ष', आणि सुतार ती दारावर ठोकायला आला. मी तेव्हा अकरा नंबरची मलमपट्टी करत होते. जखमेत माझं अर्धं बोट जात होतं. ड्रिलचा आवाज ऐकला आणि हातमोजे काढून तशीच दारात जाऊन उभी राहिले. सुतार बिचारा गोंधळला. म्हणाला, 'सिस्टर, मला फक्त दोन भोकं पाडायला सांगितलीत.' मी म्हटलं, 'भोकं आत पडलीत आधीच. तुम्ही चहा घ्या आणि जा.' पाटी अजून माझ्या जुन्या कपाटात आहे, उलटी ठेवलेली.

तू त्या रविवारी म्हणालीस, 'आई, चांगले मार्क मिळाल्याचा कुणी त्रास करून घेतं का?' तेव्हा मी उत्तर दिलं नाही, कारण त्यासाठी एक जुनी गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती मी तुझ्या बाबांनाही सांगितलेली नव्हती. परवा त्यांना सांगितली. आता तुला सांगते. तू चौथीत होतीस. मी पुरुषांच्या सर्जरीच्या वॉर्डात होते. पोटाचं ऑपरेशन झालेला एक पोस्टमन होता, उंच, लाजाळू, काही मागायचं झालं तरी आधी माफी मागायचा. दुपारी दोनचे ताप मोजायचे होते. मी सगळ्यांचे मोजले, त्याचा नाही मोजला. झोपला होता, आणि माझी पाळी संपत आली होती, आणि तुला शाळेतून आणायचं होतं. सकाळचा आकडा बघून त्याचा रकाना भरला आणि निघाले. सहा वाजता तो थंडीने बेडसकट हलत होता. पोटात पू झाला होता. तिसऱ्या दिवशी गेला. चार तास आधी कळलं असतं तर वाचला असता का, मला माहीत नाही. चौकशीत कुणी विचारलंच नाही, कारण दोन वाजता ताप नव्हता असं चार्टावर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं. जाताना त्याच्या बायकोने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, 'तुम्ही फार केलंत त्यांच्यासाठी.' त्याच वर्षी मला उत्कृष्ट परिचारिका म्हणून निवडलं. हॉलमधला फोटो त्याच समारंभातला. तो बघत बघत तू मोठी झालीस आणि नर्स व्हायचं ठरवलंस. मी तो भिंतीवरून काढलाय.

तर मग मी माझं स्वतःचं मूल्यमापन केलं. चौदा दिवस. पोरींना जमवून सांगितलं, जे केलं तेच लिहायचं, जे झालं नाही तो रकाना रिकामा ठेवायचा. कुणाला बोलणी बसणार नाहीत. पहिले दोन दिवस कुणी ऐकलंच नाही, हाताला सवयच तशी, म्हणून ते दोन दिवस मी मोजणीत धरलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी ती वेणी घालणारी पिटुकली, आमच्यातली सगळ्यात लहान सिस्टर, माझ्यापुढे येऊन उभी राहिली, चार्ट छातीशी धरलेला. 'सिस्टर, मी चारची कूस नाही बदलली. खरंच रिकामा ठेवू?' मी म्हटलं, 'ठेव.' 'मग माझं काही होईल का?' म्हटलं, 'तुझं काही व्हायचं असेल तर त्याआधी माझं होईल, आणि मी काही एवढ्यात होऊ देत नाही.' तिने रकाना रिकामा ठेवला आणि ढसाढसा रडली. मला वाटतं त्या वॉर्डात कुणीतरी पहिल्यांदाच खरी नोंद केली होती. वॉर्डातल्या मावशींना मी माझं मनगटी घड्याळ दिलं. बेल वाजली की त्या वेळ बघायच्या, कुणी पोचलं की पुन्हा बघायच्या. त्यांना लिहिता येत नाही, तर त्या मला येऊन तोंडी सांगायच्या, आणि एकदाही चुकल्या नाहीत. रोज सकाळी मी प्रत्येकीची पाठ स्वतः पाहिली. चौदा दुपारींत आठशे शहाण्णव वेळा कूस बदलायला हवी होती, बदलली गेली तीनशे एक्क्याण्णव वेळा. सात जणींच्या पाठी फाटलेल्या, त्यातल्या पाच आमच्याकडे आल्यानंतर. अठ्ठावीस बेलांपैकी वाजणाऱ्या एकोणीस. आळशी म्हणावी अशी पोरगी एकही नाही. माणसंच कमी, आणि ती कमी आहेत हे आम्हीच रोज आमच्या सुंदर अक्षरात झाकत होतो.

हे सगळं मी मेट्रनबाईंकडे नेलं. आम्ही एकाच बॅचच्या, वयाने त्या मोठ्या, तुला माहीत आहे. त्यांनी सगळं वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, 'माझे आठ महिने राहिलेत गं.' मी म्हटलं, 'माझी चार वर्षं राहिलीत, म्हणून तर घाई आहे.' त्यांनी कागद पुढे पाठवले, तेवढं श्रेय त्यांना देते. मग रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांनी बोलावलं. त्यांनी बसा म्हटलं, चहा मागवला, तिथेच मी समजले. म्हणाले, 'सिस्टर, हे आकडे बाहेर गेले तर लोकांचा आपल्यावरचा विश्वास उडेल.' मी म्हटलं, 'साहेब, लोक आपल्यावर विश्वास ठेवतात तो उताणे पडून. त्यांना वळून बघता येत नाही.' मग त्यांनी टाइप केलेला कागद पुढे केला, की ही सगळी मोजणी निव्वळ प्रशिक्षणाचा सराव होता आणि आकडे काल्पनिक आहेत. खाली माझं नाव आणि सहीसाठी रेघ. पेनही त्यांनीच दिलं. मी पेनाला टोपण लावलं, टेबलावर त्यांच्याकडे सरकवलं आणि निघाले. चहा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी कपडेखाना.

त्यांना वाटलं चादरींखाली ही बाई गप्प होईल. पण शिवणकामवाल्या बाई गप्प बसल्या नाहीत. त्यांना अजून मशीनवर बसता येत नाही, मांडीखाली रबराची चकती घेऊन जेमतेम दहा मिनिटं. घरी गेल्यावर कुशीवर पडून त्यांनी विश्वस्त मंडळाला चार पानी पत्र लिहिलं, आणि वॉर्डातल्या आणखी सहा जणींच्या घरी निरोप पाठवून सह्या मिळवल्या. मंडळाने तीन जणांची समिती नेमली, त्यातले दोघं बाहेरचे. मला सगळी कागदपत्रं घेऊन बोलावलंय. आणि ऐक, काल पिटुकली चादरी न्यायला आली तेव्हा हळूच म्हणाली, 'सिस्टर, नव्या इनचार्ज ओरडतात, पण आम्ही अजूनही रिकामे ठेवतो.' त्या पोरीचं वय बावीस. मी तिला दोन चादरी जास्त दिल्या.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. त्या रविवारी मी तुला एकच विचारलं होतं, छापील अहवालात माझ्या वॉर्डासमोर बेडसोअर शून्य कसे? तू म्हणालीस, 'मी एकेक वॉर्ड बघत नाही आई, मी फक्त एकत्र करते,' आणि ताटावरून उठलीस. आज दुपारी ती चष्म्यातली मुलगी कपडेखान्यात आली. तिने तपासणीच्या दिवशी स्वतः लिहिलेल्या पानाची प्रत माझ्या हातात ठेवली. त्यात अकरा नंबर आहे, सतरा नंबर आहे, आणि दुपारी परिचारिका अपुऱ्या असंही स्वच्छ लिहिलंय. समासात दुसऱ्या कुणीतरी दोन शब्द लिहिलेत, 'हे वगळा.' ते अक्षर कुणाचं हे मला दुसऱ्याने सांगायला नको, मीच ते तुझा हात धरून गिरवून घेतलंय. मुलगी रडत होती. 'मॅडम वाईट नाहीत हो,' म्हणाली. मी म्हटलं, 'मला माहीत आहे.' तू ते माझ्यासाठी केलंस, आईच्या वॉर्डाला बट्टा लागू नये म्हणून, हेही मला माहीत आहे, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. मला असं वाचवायचं नाही, बाळा. मला पोस्टमनच्या वेळी असंच भरलेल्या चार्टाने वाचवलं होतं, आणि त्या वाचण्याचं ओझं मी इतकी वर्षं वाहतेय. परवा, गुरुवारी, अकरा वाजता समिती बसेल. मी दोन्ही पानं टेबलावर शेजारी शेजारी ठेवणार आहे, छापील अहवालातलं तुझ्या सहीचं आणि त्या मुलीच्या हाताचं. नाव घेणार नाही, घ्यायची गरजच पडणार नाही. कदाचित तुझी खुर्ची जाईल. हे लिहिताना हात थांबला होता, पण थांबूनही वाक्य तेच राहिलं. हे तुला तिथे, चार लोकांत, पहिल्यांदा कळू नये म्हणून आज सांगतेय. टपालाला वेळ नाही म्हणून बाबा स्वतः पत्र घेऊन येतील. त्यांच्याशी भांडू नकोस, त्यांनी फक्त पोचवलंय. बुधवारचा अख्खा दिवस तुझा आहे. तू होऊन समितीकडे जाऊन ती वगळलेली ओळ परत घालायची म्हणालीस, तर गुरुवारी मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसेन, आणि तुला कुणी काही बोललं तर आधी मला बोलावं लागेल. नाही गेलीस, तर समोरच्या खुर्चीवर बसेन. पण बसणार, हे नक्की.

तुझीच, कुठल्याही खुर्चीवरून तुझीच,
आई